अक्षता माझ्या घशात

इकडंतिकडं काय बघताय? मी बोलतोय, फळीवरचा रेडिओ! सागवानी अंग, पट्ट्यापट्ट्यांची जाळी आणि छातीवर पितळी अक्षरांत 'मेघनाद'. ऐकली नाही ना ही कंपनी? सोलापुरातही कुणी ऐकली नव्हती.

चौऱ्याहत्तर साली दुधनीच्या ईश्वरप्पांनी लेकीला, नीलम्माला, लग्नात मला दिलं. तिचे सासरे गुरप्पा यांचा चादरींचा कारखाना घराला लागूनच. शेजारी धोंडप्पा, त्यांच्याकडं नामांकित कंपनीचा रेडिओ. मला बघून म्हणाले, "ह्यो कुठला म्हणं? ह्याच्यावर दिवा ठेवायला बरं हाय!" असा राग आला मला! नीलम्मानं बटण फिरवताच असा खणखणीत गायलो, की हसणाऱ्यांचे चहा निवून गेले.

मग आली खंडेनवमी. माग बंद, यंत्रांची पूजा. सासूबाई बसव्वांनी भक्तिभावानं माझ्यावरही मूठभर अक्षता टाकल्या. त्या जाळीतून थेट आत! दुसऱ्या दिवसापासून माझा घसा खरखरू लागला आणि गुरप्पांनी निकालच दिला, "बिननावाची कंपनी, दुसरं काय व्हणार?" माहेरच्या वस्तूला लागलेला हा बोल नीलम्माला झोंबला.

थोड्याच दिवसांत गुलबर्गा आकाशवाणीवर तिनं गायिलेलं वचन, म्हणजे कन्नड भक्तिपद, लागणार होतं. गुरप्पा म्हणाले, "धोंडप्पाकडं जाऊन ऐकू."

"ऐकीन तर माज्या अप्पांनी दिलेल्या रेडिओवरच, मामा. न्हाईतर न्हाई!" नीलम्मानं मला खाली उतरवलं, मांडीवर पालथं घातलं आणि गदागदा हलवलं. खर्रकन अक्षता सांडल्या. बसव्वांनी गालावर हात मारला, "अगं बया! ह्या तर माज्याच की!"

घसा मोकळा झाला, पण मागांच्या खडखडाटात ऐकू काय येणार? तेवढ्यात गुरप्पा उठले. खंडेनवमीशिवाय कधी न थांबणारे माग त्यांनी स्वतः बंद केले.

आणि मी गायलो! नीलम्माचा गळा, माझा आवाज. विणकर दारात गोळा झाले. धोंडप्पा आपला रेडिओ सोडून धावत आले. "लई मोकळा आवाज हाय की ह्याचा!" नीलम्मा हसत होती, डोळेही पुसत होती. गुरप्पांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझी पितळी अक्षरं पुसली आणि मोठ्यानं वाचली, "मेघनाद!"

आता दर खंडेनवमीला पहिला हार मला. अक्षता टाकताना मात्र जाळीवर पंचा.

तुमच्याही घरी असा बिननावाचा कुणी असेल, तर बाबांनो, नावं ठेवण्याआधी एकदा पालथा करून बघा. अक्षता तुमच्याच निघतील.