खोडून उरलेले दोन

दुपारी बरोबर उत्तरं जाहीर झाली आणि बो-राम नोर्यांगजिनच्या, क्लासेस आणि परीक्षार्थींनी गजबजलेल्या रस्त्यावर, कप-भाताच्या गाडीसमोर, प्रश्नपत्रिका उघडून डोक्याला हात लावून उभी राहिली. कप-भात केव्हाच निवला होता.

सरकारी कारकुनाच्या जागेसाठीची परीक्षा सकाळीच झाली होती. बाकीचे विषय तिने झकास सोडवले होते. घोडं पेंड खात होतं ते इंग्रजीत, नेहमीसारखंच. एका जरी विषयात चाळिसाच्या खाली गेलं की बाकीच्या गुणांना कुत्रंही विचारत नाही, आणि इंग्रजीत तिचे पस्तीस पक्के होते. राहिला होता व्याकरणाचा एक प्रश्न, पाच गुणांचा.

तिथे तिने क्लासच्या सरांचा मंत्र वापरला होता. बरोबर शोधत बसू नका, चूक ते खोडा. पर्याय एक आणि तीन यांवर ठसठशीत फुल्या होत्या. उरले दोन आणि चार. त्याच वेळी पर्यवेक्षक “पेन खाली!” म्हणून ओरडला आणि बो-रामने उत्तरपत्रिकेवर घाईघाईत एक गोल काळा करून टाकला. बरोबर उत्तर होतं दोन. तिने कुठला गोल भरला होता, देव जाणे.

“अगं, पण तू भरलंस काय?” मि-ग्योंगने विचारलं. तीही परीक्षार्थीच, बो-रामपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून ‘ऑन्नी’, म्हणजे ताई. रोज सोबत जेवायचं आणि जेवताना गप्पा मारायच्या नाहीत, एवढ्या करारावर जमलेली मैत्री. आज करार मोडला होता.

“दोन किंवा चार, ऑन्नी.”

“ते दिसतंय मला. त्यातलं एक कुठलं?”

“एक नाही, एकावर फुली आहे.”

“शाबास! बरं, अडलीस की तू काय भरतेस?”

“जो आकडा आधी सगळ्यात कमी वेळा आलाय तो.”

“मग चार.”

“पण मोजायला वेळच नव्हता ना.”

“मग हाताला जवळचा.”

“म्हणजे दोन?”

“उजव्या हाताला चार जवळचा, बाई!”

दोघींनी चमच्याचं पेन करून, डोळे मिटून, गोल भरून पाहिला. एकदा दोन आला, एकदा चार. गाडीवाली हसायला लागली तेव्हा त्यांनी चमचे पुन्हा भातात खुपसले.

हा शेवटचा प्रयत्न होता. या वेळी नाही जमलं तर इथली कोंदट खोली सोडायची आणि समुद्राकाठच्या गावी, ओम्माच्या, म्हणजे आईच्या, मासळी वाळवायच्या शेडवर जायचं, असं बो-रामने तिला कबूल केलं होतं. शकुन-अपशकुन मानण्यात ओम्माही काही कमी नव्हती. परीक्षेच्या आठवड्यातच लेकीचा वाढदिवस आला, पण वाढदिवसाला घरोघरी होतं ते समुद्री शेवाळाचं सूप तिने पाठवलंच नाही. ते बुळबुळीत, परीक्षेच्या तोंडावर खाल्लं की माणूस घसरतो. “पास झालीस की पाठवीन,” म्हणाली.

मग एके दिवशी अजबच झालं. उमेदवारांनी त्या प्रश्नावर हरकती घेतल्या होत्या, आणि परीक्षा मंडळाने त्या मानल्या. दोनही बरोबर, चारही बरोबर.

“सुटलीस!” मि-ग्योंग ओरडली. “आता काहीही भरलेलं असू दे!”

बो-रामने आईला फोन केला. ओम्मा फोनवरच नाचली असावी. दुसऱ्याच दिवशी डब्यात गोठवलेलं सूप आलं आणि दोघींनी दोन-दोन वाडगे ओरपले.

निकाल लागला. इंग्रजी, पस्तीस.

बो-रामने पुन्हा पुन्हा पाहिलं. मग जुनी प्रश्नपत्रिका काढली आणि दोनवर फुली मारली. चारवरही मारली. आता चारी पर्याय खोडलेले होते आणि त्यांतलाच एक तिने भरला होता. एक किंवा तीन, म्हणजे जे स्वतःच्या हाताने बाद केलं, त्यातलंच काहीतरी. की गोल भरलाच नव्हता? तेही तिला छातीठोकपणे सांगता येईना.

“माझंच चुकलं,” ओम्मा फोनवर म्हणाली. “निकालाआधी सूप पाठवायला नको होतं.”

“पेपर त्याच्या कितीतरी आधी झाला होता, ओम्मा.”

“मग तू भरलंस तरी काय?”

“ठाऊक नाही गं. नको म्हणून खोडलं होतं, तेच बहुतेक.”

मागे शेडवरच्या बायकांचा कलकलाट ऐकू येत होता.

“हे गावही तू नको म्हणूनच खोडलं होतंस,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. “ये आता. थोडं सूप गोठवून ठेवलंय.”

बो-रामला रडू फुटलं. ते नापास झाल्याचं होतं की घरी जायला मिळणार म्हणून, हेही तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.