रुपीने शिवलेले अंगडे

मित्रांनो, माझी शिवण सुटली आहे आणि माझ्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, तरी मी अजून इंग्रजी शब्दकोशच आहे. छापखान्यातले मला शाईचा वास आणि कटाईच्या पात्याचा गारवा एवढेच आठवते. माझे खरे आयुष्य १९५६ साली सुरू झाले. देवसिंग मास्तरांनी मला यवतमाळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले आणि घाटंजीजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर आणले.

माझ्यात शब्दांच्या अर्थाबरोबर त्यांचे मूळही दिलेले आहे. गुणवंतांसाठी असलेले शब्द मास्तरांना फार आवडत. टॅलेंट म्हणजे मुळात तराजू आणि त्यातले वजन, हे ऐकून त्यांची आई मैनाबाई हसली. तिच्या सासऱ्याने बैलांवर मीठ वाहिले होते.

"वजन काय असते ते आमाले सांगते काय तुह्यं पुस्तक?"

जीनियस म्हणजे माणसाबरोबर जन्मणारी, त्याला राखणारी शक्ती, असे जुने रोमन लोक मानत. हे मास्तरांनी आपल्या आईवेगळ्या मुलीला, रुपीला, पुन्हा वाचून दाखवले. रुपी सातवीत पहिली आली होती. तिला यवतमाळला ठेवून मॅट्रिक करायचे त्यांनी ठरवले होते.

मग मास्तरांना क्षय झाला.

ते खाटेवरून शब्द सांगत आणि रुपी दूर बसून वाचत असे. एकदा मास्टरपीस निघाला. युरोपातला शिकाऊ कारागीर आपले उत्तम काम उस्तादांपुढे ठेवी. ते पसंत पडले तरच तोही उस्ताद ठरे.

"हे तं आमचंच झालं," मैनाबाई म्हणाली. "पोरीचं भरतकाम सासरच्या बाया पाह्यतात, मंगच नारळ ठेवून सोयरीक पक्की करतात."

रुपीने सासरच्यांना दाखवायची कोथळी, म्हणजे भरतकामाची पिशवी, शिवायला घेतलीच नाही. माझी पाने गळू लागली होती, म्हणून तिने माझ्यासाठी पिशवीसारखे अंगडे शिवले. लाल कापड, पिवळा दोरा, आरसे, कवड्या. मास्तर त्यावरून बोटे फिरवत राहिले.

मुलगा जाईल आणि नात मागे राहील, ही भीती मैनाबाईला झोपू देईना. तिने पुसदकडच्या तांड्यावरून पाहुणे बोलावले. दाखवायला कोथळी नव्हती. तिने माझ्या अंगावरचे अंगडे काढून त्यांच्यापुढे ठेवले.

नवऱ्या मुलाच्या आईने, चंदाबाईने, ते उलटून पाहिले. "पाठ बी तोंडासारखीच! काय हात हाय पोरीचा! पर कोथळीले बंद काहून नाही वो?"

"पुस्तकाचं हाय ते," रुपी म्हणाली.

बाया खदखदून हसल्या. "पुस्तकाले लेणं घालते! आमच्या घरी म्हशीले बी घालशील!"

"तिले शिकू द्या," मास्तर खाटेवरून म्हणाले. पुढचे खोकल्यात गेले. मैनाबाईने आपल्या ओढणीने त्यांचे तोंड पुसले. "आधी तू बरा होय, बापा." तोवर चंदाबाईने अंगड्यात नारळ ठेवला होता.

लग्न झाले. कापूस वेचणीला येण्याआधी मास्तर गेले. रुपी दुखवट्याला आली, तेव्हा तिने माझी सुटी पाने क्रमाने लावली. एकही वाचले नाही. बाहेरून सासूची हाक आली आणि ती उठली.

नारळासकट गेलेले अंगडे रुपीच्या सासरीच राहिले. ऐकतो की त्यात आता सुपारी असते, आणि येणारी-जाणारी माणसे त्या कामाची तारीफ करतात.

मित्रांनो, माझी पाने वाळवीने खाल्ली तर दुसरा कोश छापता येईल. तुम्ही एवढेच करा. एखाद्या मुलीच्या कामाची वाहवा कराल, तेव्हा ते तिने कशासाठी केले हे तिलाच विचारा, आणि तिचे उत्तर पुरे होईपर्यंत हसू नका.