आत्यासाठी एक विशेषण

दुभाषी बाईची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालून दिवसभर वाफ आणि साबणाचा वास यायचा, आणि येणारं प्रत्येक माणूस आधी नाक मुरडायचं. आत्यानं तसं केलं नाही. ती सरळ खुर्चीत बसली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे सरकवला.

आत्या चौसष्ट वर्षांची. जन्मभर दातांच्या कवळ्या बनवत आलेली, लग्न न केलेली. भाऊ-भावजय अपघातात गेले तेव्हा त्यांचा लहानगा मुलगा तिनंच पदरात घेतला. तो भाचा आता पस्तिशीला आला होता, बायकोसकट आत्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होता, आणि आज तिला गाडीतून घेऊन तोच आला होता, आता दाराशी उभा राहून ऐकत होता.

कागदावरचं पत्र आत्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, परदेशातल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या विधुराला. तोही कवळ्याच बनवायचा. धंद्याच्या एका प्रदर्शनात दोघांची भेट झाली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण मेण, साचे आणि हातवारे यांच्यावर त्यांचं छान निभावलं. नंतर एकमेकांना फोटो पाठवणं सुरू झालं, तेही आपापल्या हातच्या दातांचे. आणि आता त्यानं विचारलं होतं, इकडे येशील का, माझ्याशी लग्न करशील का.

"पत्र सोपं आहे," दुभाषी बाई म्हणाली. "फक्त एका शब्दापाशी विचारायचंय. तुम्ही लिहिलंय, ‘आय ॲम ओल्ड, हे आधी माहीत असू दे.’"

"मग? आहेच की मी म्हातारी. त्यात काय अडलं?"

"फ्रेंचमध्ये त्याला बरेच शब्द आहेत. ‘व्येय’ म्हणजे सरळसोट म्हातारी. कुणी तोंडावर म्हटलं तर लागतो. ‘आजे’ म्हणजे वयस्कर, जरा अदबीचा. आणि एक ‘आन्स्येन’, तो नामाच्या आधी लावला की अर्थ होतो माजी. माजी बायको, माजी मास्तरीण, असं."

आत्या खळखळून हसली. "तो नको गं बाई! अजून झालेच नाही, तर माजी कुठून होऊ? बाकीच्या दोनांतला तुला बरा वाटेल तो घाल."

ती जिना उतरून गाडीत जाऊन बसली. पाचेक मिनिटांत भाचा एकटाच परत वर आला. "चष्मा राहिला तिचा," म्हणाला, पण चष्मा काही त्यानं शोधला नाही. तो खुर्चीत पसरला आणि काडीनं दात कोरू लागला. काडीच्या टोकाला जे निघालं ते त्यानं निरखून पाहिलं आणि काडी पुन्हा तोंडात घातली.

"मॅडम, तो पहिलाच शब्द घाला. म्हातारीवाला. आणि आजूबाजूला थोडं तुमच्या मनानं वाढवा. सुरकुत्या, गुडघे, खोकला. तिच्या खोलीत कसला वास मारतो, तुम्हाला कल्पना नाही." त्यानं चिमटीत नाक धरून दाखवलं. "माझी बायको तर तिचे टॉवेलसुद्धा वेगळे धुते. त्या म्हाताऱ्यानं वाचलं की त्याला शिसारी आली पाहिजे."

"तुम्हाला एवढा त्रास होतो, तर जाऊ दे की त्यांना."

"ती जाईल हो! पण जाताना घर विकणार म्हणतेय, खालचं वर्कशॉपसुद्धा. मग इतकी वर्षं मी तिच्याजवळ राहिलो ते कशासाठी?"

बाईनं पत्र आपल्याकडे ओढून घेतलं. "पत्रात नाही ते मी घालत नाही."

"नका घालू. नुसता शब्द घाला. तो तर खोटा नाही ना? डिक्शनरीतलाच आहे." त्यानं हसून ओली काडी टेबलावर टाकली आणि तो गेला.

बाईनं कागदाच्या कपट्यानं काडी उचलून फेकली, टेबल दोनदा पुसलं. तरी जागा स्वच्छ वाटेना. सगळ्यात घाण गोष्ट ही की त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो आला नसता तर तिनं मुकाट्यानं ‘व्येय’च लिहिलं असतं. आता तो शब्द लिहिताना त्याची थुंकी लागल्यासारखी वाटत होती. तिनं तो खोडून ‘आजे’ लिहिलं, तर आत्याला चादरीखाली झाकल्यासारखं झालं. तेही खोडलं.

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपवर गेली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते आणि तापलेल्या मेणाचा वास भरला होता. आत्या एक दाढ कानशीनं घासत होती. बाईनं सगळं सांगितलं, टॉवेलसकट. कानस थांबली.

"वास येतो म्हणाला?"

"हो."

"लहानपणी त्याला उलटी झाली की बेसिनपर्यंत पोचायचाच नाही. माझ्या ओंजळीतच व्हायची. मला कधी वास आला नाही गं." घासात केस सापडावा तसं तिचं तोंड झालं. ती रडली नाही. उठून बराच वेळ हात धूत राहिली.

"मी अदबीचा शब्द घालते," बाई म्हणाली.

"का? त्यानं तोंडात घोळवला म्हणून मी माझा शब्द टाकून देऊ? त्या माणसानं मला भर उजेडात बघितलंय, दातांवरून वय ओळखणारा आहे तो. त्याच्याशी कसली अदब? काय म्हणालीस, व्येय ना? तोच घाल."

पत्र गेलं. उत्तर आलं ते बाईनंच आत्याला वाचून दाखवलं. त्यानं तेच विशेषण पुल्लिंगात वापरलं होतं. मीही म्हातारा आहे, जिना चढताना दोनदा थांबतो. येताना तुझ्या बारीक कानशी आण, इकडे चांगल्या मिळत नाहीत.

आत्यानं वर्कशॉप आपल्यासोबत काम करणाऱ्या एका कारागीर बाईला दिलं, घर विकायला काढलं आणि भाच्याला दुसरी जागा बघायला सांगितलं. त्यानं गळा काढला, तिचे पाय धरले. "ऊठ," ती म्हणाली, "आणि जाताना टॉवेल सगळे घेऊन जा. आता एकत्रच धुवा." आणि ती गेली.

काही दिवसांनी भाचा दुभाषी बाईकडे आला. या वेळी नवा शर्ट, तोंडभर हसू, आणि हातात स्वतः लिहिलेलं इंग्रजी पत्र. ‘डियर अंकल’ अशी सुरुवात. आमची आत्या मनानं अजून यंग आहे, आम्हाला आईच्या जागी आहे, तिच्यावाचून घर खायला उठतं. सुट्टीत आम्ही दोघं राहायला येऊ म्हणतो, आणि तिकडे माझ्याजोगं काही काम असलं तर बघावं.

"‘यंग’ला तिकडे जो लाडाचा शब्द असेल तो घाला," तो म्हणाला आणि त्यानं खरोखरच डोळे पुसले. बोटं ओली झाली होती. बाईला ते पाहवेना.

"हे काम मी घेत नाही."

"अहो, पण का?"

तिनं कागद दोन बोटांनी धरून त्याच्यापुढे केला आणि दार उघडलं. तो जिन्यात थांबून बराच वेळ दुसऱ्या दुभाष्याचा पत्ता मागत होता. तिनं दिला नाही. दुपारी तिनं डबा उघडला, एक घास हातात घेतला, आणि डबा तसाच बंद करून ठेवला.