हिरव्या दगडाचे मार्क

शनिवारी सकाळी हेजिन माध्यमिक शाळेच्या व्यायामशाळेत मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर शेवटच्या वर्षातली सगळ्यात कच्ची पोरं डोळे मिटून मांडी घालून बसली होती आणि खाली त्यांच्या आया हात जोडून. मधे मेंग गुरू. अंगात करड्या तागाचा झगा, हातात चिमटा. गरम पाण्याच्या भांड्यातून ते एक हिरवा दगड उचलत, पोराच्या टाळूवर क्षणभर टेकवत आणि पितळी वाटीवर टोला देत.

"उघडलं," ते म्हणत. खालून शंभर सुस्कारे निघत.

मग प्रवचन. "मेंदू म्हणजे एक खोली. तुम्ही पोरांना शिकवण्या लावता, म्हणजे बंद दारासमोर माल उतरवून ठेवता. आधी दार तर उघडा. माझा दगड पाच हजार वर्षं डोंगराच्या पोटात ध्यान करत होता." असले दगड गावातल्या वाफेच्या स्नानगृहात जमिनीला बसवलेले होते आणि बाया त्यांच्यावर पाठ शेकत घोरायच्या. त्यातल्या एकीचंही दार उघडल्याचं ऐकिवात नव्हतं. पण हे आठवायला तिथं वेळ कुणाला होता?

कारण मार्क वाढत होते. ते खोटं नव्हतं. गेल्या वर्षी देशभरच्या परीक्षेत शाळेचा निकाल जिल्ह्यात तळाला गेला आणि पेपरात छापून आला. नापास पोरं कमी करा, नाहीतर खुर्ची सोडा, असं वरून मुख्याध्यापक गुक सरांना बजावण्यात आलं. सरांनी कुठूनसे मेंग गुरू गाठले आणि मार्चच्या सराव परीक्षेत तळाला राहिलेली पोरं त्यांच्या हवाली केली. एप्रिलच्या सराव परीक्षेत त्यांतली बहुतेक वर आली. दगडाची कीर्ती मासळीबाजारापर्यंत पोचली.

हॉलच्या मागच्या दाराशी गणिताच्या प्यो इन-सुक बाई उभ्या होत्या. त्यांना मेंग गुरूंवर सूड उगवायचा होता. हे त्यांनी स्वतःपासूनही लपवलं नव्हतं.

एप्रिलच्या निकालाच्या सभेत सगळं घडलं होतं. पोरं एकेक करून वर आल्याचं वाचून दाखवलं जात होतं, टाळ्या पडत होत्या, आणि सो-दाम नावाच्या मुलीपाशी गाडी अडली. तिचे मार्क आणखी घसरले होते. हिचं असं का, असं कुणीतरी विचारलं. मेंग गुरूंनी डोळे मिटले, माईक तोंडाजवळ धरला.

"या पोरीच्या दारात एक माणूस उभा आहे," ते म्हणाले. "पाण्यात गेलेला. तो दार उघडू देत नाही. आणि अशी सावली शेजारी बसणाऱ्यावरही पडते."

सो-दामचा बाप हिवाळ्यात समुद्रावर माकूळ धरायला गेला तो परतलाच नव्हता. तिची आई बंदरावर माकूळ साफ करायची. ती कामावरून तशीच, रबरी बुटांत आली होती, आणि हे ऐकून ती उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये सो-दामच्या टेबलावर कुणी बसलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवडा संपायच्या आत पोरीनं शाळा सोडली.

बाई तिच्या घरी गेल्या. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. "बाई," ती म्हणाली, "बाबा मला कधी ओरडलेसुद्धा नाहीत. मग ते माझी वाट का अडवतील?"

असं काही नसतं, हे बाईंनी चार तऱ्हांनी सांगितलं. पोरीनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. मार्क वर जाताना अख्ख्या गावानं पाहिले होते, आणि ज्याच्या हातानं ते वर गेले त्यानंच हे सांगितलं होतं. घरी परतताना बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पेपरात तक्रार करून त्यांचं समाधान होणार नव्हतं. तोच हॉल, तेच लोक, तोच माईक आणि तेच तोंड त्यांना हवं होतं.

एवढी वर्षं मार्क तपासून त्यांची नजर तयार झाली होती. दोन गोष्टी त्यांना खटकल्या. चर्चला जाणाऱ्या काही घरांनी पोरांना दगड लावू दिला नव्हता. त्यांतली तळाची पोरंही एप्रिलमध्ये वर आली होती. आणि मेंग गुरू हुशार मुलांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. बाईंना हसू आलं. मेंगना कारण ठाऊक असो वा नसो, धंद्यातला माणूस पाय कुठे टाकायचा नाही ते बरोबर ओळखतो.

मग त्या जुन-सोलच्या आईकडे गेल्या. ही दातांच्या डॉक्टरांची बायको, पालक संघाची अध्यक्ष, आणि तिचा मुलगा वर्गात पहिला.

"मला आपलं राहून राहून वाटतं," बाई चहा घेता घेता म्हणाल्या, "जो दगड ढ पोरांना मधे आणतो, तो तुमच्या जुन-सोलला कुठे नेऊन ठेवेल? पण गुरू म्हणे फक्त बंदरावरच्या पोरांनाच हात लावतात."

जुन-सोलच्या आईनं कप खाली ठेवला. "कोण म्हणतं?"

पुढचं काम बाईंना करावंच लागलं नाही. पहिल्या रांगेतल्या आयांनी मेंग गुरूंना घेराव घातला. ज्यांची दारं उघडीच आहेत त्यांना दगडाची काय गरज, असं गुरूंनी म्हणून पाहिलं. उघडं आहे तर आणखी रुंद करा, असं उत्तर आलं. पाकिटं पुढे झाली. नाही म्हणणं म्हणजे दगडावरचा विश्वास गेल्याची कबुली. मेच्या सराव परीक्षेआधी वर्गातली वरची सगळी पोरं डोळे मिटून स्टेजवर बसली आणि वाटी वाजत राहिली. गुरूंच्या कपाळावर घाम होता.

निकाल लागला. वरच्यांपैकी बहुतेक घसरले. जुन-सोल पहिल्यावरून सातवा आला.

त्या शनिवारी हॉल पुन्हा भरला, पण या वेळी हात जोडलेले नव्हते. बाईंनी सो-दामच्या आईला स्वतः जाऊन आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. जुन-सोलची आई उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आमच्या दारात कोण उभं आहे, गुरू? माझे सासू-सासरे, आई-वडील, सगळे धडधाकट आहेत."

मेंग गुरूंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. डॉक्टरांच्या घरात भूत घालायची त्यांची छाती झाली नाही. "ताई, एका परीक्षेचं काय धरायचं?" ते हसले. "मार्क थोडे वर, थोडे खाली, आपोआप होतच असतात."

बाई याच वाक्याची वाट बघत होत्या. त्या स्टेजवर चढल्या. "मग खालची पोरं वर आली, तेव्हा ती आपोआप का नाही आली?"

गुक सर घड्याळ बघायला लागले.

बाईंनी पिशवीतून युतच्या काड्या काढल्या. नव्या वर्षाला घरोघरी फेकतात त्याच, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोल; कशा पडतात त्यावरून गुण मोजायचे. पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी एकेक करून स्टेजवर यायचं आणि तीनदा फेकून बेरीज फळ्यावर लिहायची, असं त्यांनी सांगितलं. कुरकुर झाली, पण खेळ म्हटल्यावर बायका आल्या. मग बाईंनी सगळ्यात कमी बेरजेच्या बायकांना बाजूला काढलं आणि मेंग गुरूंसमोर हात पसरला. "दगड द्या."

द्यावाच लागला. बाईंनी तो प्रत्येकीच्या टाळूला टेकवला, हातानं वाटी वाजवली, अगदी गुरूंच्या सुरात "उघडलं" म्हणाल्या आणि पुन्हा फेकायला लावलं. एक-दोघी सोडून सगळ्यांची बेरीज वाढली. हॉलमध्ये कुजबुज झाली.

"काड्यांचा मेंदू उघडला," बाई म्हणाल्या. "आता ज्या पहिल्या आल्या त्या या."

त्यांनाही दगड लागला. त्यांनी फेकलं आणि फळ्यावरचे आकडे धडाधड खाली आले. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू हॉलभर पसरलं.

"परीक्षेत पोराला येतं तेवढं असतं आणि त्या दिवसाचं नशीबही असतं," बाई म्हणाल्या. "पाच पर्यायांतला डोळे मिटून ठोकलेला एक, रात्रीची झोप, पोटातली कळ. जी पोरं एकदम तळाला असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा तो दिवस वाईट असतो. पुढच्या वेळी तसाच वाईट दिवस सगळ्यांचा येत नाही, म्हणून ती वर सरकतात. एकदम वर असणारी तशीच खाली सरकतात. यांनी फक्त तळाची पोरं घेतली. दगडाऐवजी मुळा टेकवला असता तरी हेच झालं असतं. आणि एखादं पोर वर आलं नाही, तर त्याच्यासाठी भूत तयार."

सो-दामची आई उठली. ती हळू बोलत होती, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझ्या नवऱ्याला तुम्ही बघितलं होतं का?"

"तसं... ते म्हणजे..."

"बघितलं होतं का?"

"नाही," मेंग म्हणाले.

"त्या दिवशी माईक होता," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो मेंगच्या हातात दिला. मेंगनी गुक सरांकडे पाहिलं. गुक सर दुसरीकडे बघत होते. मग माईकवरून, अडखळत, आपल्याला काही दिसलं नव्हतं आणि आपण रचून सांगितलं, हे मेंगना म्हणावं लागलं. शेवटचे शब्द नीट ऐकू आले नाहीत, तेव्हा बाईंनी ते परत म्हणायला लावले. त्यांना त्यात मनापासून आनंद झाला. अशा माणसाची दया येत नसेल तर येऊ नये, असं त्यांचं मत होतं.

मेंग मागच्या दारानं गेले. लोकही उठायला लागले, झालं ते एकट्या त्या माणसाचं पाप असल्यासारखे. बाईंनी त्यांना थांबवलं.

"उद्या दुसरा कुणी पाणी घेऊन येईल, परवा तिसरा टोपी घेऊन. कुणी चमत्कार दाखवला तर एवढं विचारा, ज्यांना तो लावला नाही त्यांचं काय झालं? हे विचारायला गणित येत नसलं तरी चालतं. मेंगनी बोट दाखवलं हे खरं. पण सो-दामच्या टेबलावरून पोरं उठवली ती तुम्ही. तिला मारलेला दगड तुमच्या हातातला होता."

जुन-सोलची आई सो-दामच्या आईजवळ आली आणि माफी मागायला वाकू लागली. सो-दामच्या आईनं तिला वाकू दिलं, पुरतं, आणि मगच बोलली.

"सोमवारी ती शाळेत येईल," ती म्हणाली. "पोरांना तिच्या शेजारी बसवा म्हणून मी तुमच्या पाया पडणार नाही. फक्त तिच्या बापाबद्दल इथं काय सांगितलं होतं आणि ते खोटं कसं निघालं, हे तुमच्या पोरांना आज घरी जाऊन तुमच्या तोंडानं सांगा. मी एकेका पोराला विचारणार आहे."