बादलीत बुडवलेली ऊब

मी एक जुनी कोंबडी आहे. म्हातारी म्हणा हवे तर, पण बिचारी म्हणू नका. मी पाचव्या वर्षात आहे, माझा उजवा पाय जरा आखडतो, आणि मित्रांनो, आज मला फार राग आलेला आहे. रागावलेल्या कोंबडीचे कोणी ऐकून घेत नाही, तिला हुसकावून लावतात. तुम्ही तरी घटकाभर बसा.

आमचे खुराडे मागच्या अंगणात, खिडकीच्या अगदी खाली आहे. घर शिंपीणबाईंचे. त्या दिवसभर त्या खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवतात आणि उरलेल्या चिंध्या आमच्या टोपलीत अंथरतात. त्यांचे यजमान पलीकडच्या खोलीत पंखे, मिक्सर आणि फ्रीज दुरुस्त करतात. त्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते, म्हणून मीही म्हणते.

माझा जन्म अशाच चिंध्यांत, आईच्या पोटाखाली झाला. मोठी झाल्यावर मीही तेच काम केले. वर्षातून एकदा माझ्या अंगात एक ताप शिरतो. अंडी देणे थांबते, दाण्यांवरची वासना उडते, आणि छातीखालची पिसे मी माझ्याच चोचीने उपटते, म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्यांना लागावी. याला तुम्ही कोंबडी खुडूक झाली असे म्हणता. मग एकवीस दिवस बसायचे. दिवसातून एकदा उठायचे, चार दाणे टिपायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि अंडी गार व्हायच्या आत परत यायचे. पहिल्या वेळी मी नऊ पिल्ले काढली, दुसऱ्या वेळी अकरा. शिंपीणबाई गिऱ्हाइकांना खिडकीतून मला दाखवत.

"ही बघा," त्या म्हणत, "हिच्यासारखी आई माणसांतसुद्धा मिळायची नाही."

मी मान वर करून ऐकत असे. कौतुकाची सवय वाईट असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही.

मग तो फ्रीज आला. कोणी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेले ते परत आलेच नाही. मिस्त्रींनी त्याच्या आत दोन दिवे लावले, जुन्या संगणकाचा पंखा बसवला, एक थर्मामीटर टांगला, खाली पाण्याचा वाडगा ठेवला आणि दाराला काच लावली. थंड करणाऱ्या कपाटाला त्यांनी गरम करायला शिकवले, याचे मला खरोखर नवल वाटले. माणूस हाताचा हुशार आहे, ते मी नाकारत नाही.

"आता कोंबडीनं बसून राहायला नको," ते शिंपीणबाईंना म्हणाले. "अंडी मशीन उबवेल. ती आपली अंडी देत राहील."

बसून राहायला! जणू मी एकवीस दिवस पाय पसरून आराम करत होते.

त्याच सुमारास एका मोकाट कुत्र्याने आमचा कोंबडा नेला. कोंबडा नसला की थोड्याच दिवसांत अंडी नुसती खाण्याची उरतात, त्यांतून पिल्लू निघत नाही. आम्ही तिघी कोंबड्या आणि त्याच्या वेळची बारा अंडी, एवढाच आमचा गोतावळा शिल्लक राहिला. ती बारा अंडी वाचली तर आमचा वंश राहणार होता. मी खुडूक झाले होते आणि ती बाराही माझ्या पोटाखाली होती.

मिस्त्रींनी हात घातला आणि एकेक करून सगळी काढून नेली. मी चोच मारली. "चिडकी झालीये," एवढेच ते म्हणाले. फिरवताना बाजू कळावी म्हणून प्रत्येक अंड्यावर त्यांनी पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि ती फ्रीजमध्ये मांडली.

मी रिकाम्या चिंध्यांवर बसून राहिले. दुसरे काय करणार होते? ताप काही अंडी गेली म्हणून लगेच जात नाही. तेव्हा मिस्त्रींची बहीण चार दिवस राहायला आली होती. शिंपीणबाई तिला वन्सं म्हणतात. सल्ला द्यायला या वन्संना कोणी विचारावे लागत नाही.

"वहिनी, ही वेड्यासारखी रिकामीच बसलीये," त्या म्हणाल्या. "गार पाण्याच्या बादलीत बुडवा. तीन दिवसांत खूळ उतरतं."

आणि शिंपीणबाईंनी बादली भरली. हे मला स्पष्ट सांगायचे आहे, कारण ते मिस्त्रींनी केले नाही आणि वन्संनीही नाही. ज्या हातांनी माझ्याखाली चिंध्या अंथरल्या, त्याच हातांनी माझे दोन्ही पंख धरून मला मानेपर्यंत पाण्यात दाबले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नंतर पायाला दोरी बांधून मला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले, म्हणजे खालून वारा लागावा. तीन दिवस माझी पिसे वाळली नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या पोटाखालचा ताप गेला, मी उठले आणि दाणे टिपू लागले.

"झाली शहाणी," शिंपीणबाई म्हणाल्या.

आता ऐका, माझे डोके कशाने फिरते ते. पलीकडच्या खोलीचे दार उघडेच असते. मिस्त्री मोबाईल समोर ठेवून शिकत होते. अंडी सारखी एकाच उबेत ठेवायची. दिवसातून चार-पाच वेळा फिरवायची. हवा कोरडी पडू द्यायची नाही. हेच मी करत होते! मी केले ते खूळ, आणि फ्रीजने केले ते शास्त्र. मी अंगाची ऊब दिली म्हणून मला पाण्यात बुडवले, आणि त्याने दिव्याची ऊब दिली म्हणून त्याची काच रोज पुसली.

सातव्या दिवशी त्यांनी प्रत्येक अंड्यामागे बॅटरी धरली. दोन पोकळ निघाली. दहांमध्ये लाल धागे दिसले. शिंपीणबाई हातातली शिवण टाकून धावल्या आणि मिस्त्रींनी सगळ्या गल्लीला बोलावून ती दाखवली. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. अंडी आमची होती.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. थंडीचे दिवस होते. उद्या दुपारपर्यंत वीज येणार नाही, असे वायरमन सांगून गेला. सगळ्या गल्लीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात दोन दिवे पेटवील असे काही नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्यांनी फ्रीजवर गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. थर्मामीटर उतरतच राहिला. मग शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो, कोंबडीखाली ठेवू या."

तेव्हा त्यांना मी आठवले.

टोपलीत नव्या चिंध्या घातल्या, दहा अंडी ठेवली आणि मला वर बसवले. मी उठले. पुन्हा बसवले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा शिंपीणबाईंनी माझी पाठ हळूच दाबून धरली. "बस गं बाई," त्या म्हणाल्या, "तुझीच आहेत ना?"

मित्रांनो, मी रागाने उठत नव्हते. रागाने उठले असते तर आज मला बरे वाटले असते. माझ्या अंगात तो ताप उरलाच नव्हता. पायाखालचे अंडे मला दगडासारखे परके वाटत होते.

एवढ्यात एका अंड्यातून आवाज आला. कवचाआडून, अगदी बारीक, पण पिल्लाचाच. मी बसले. ताप नसताना बसले. नव्याने आलेली छातीची पिसे मी पुन्हा उपटली, रक्त येईपर्यंत उपटली. पण पिसे उपटून ताप येत नाही. मधली अंडी जराशी उबेला राहिली. कडेची एकेक करून गार होत गेली आणि मला ते कळत होते. अंडी आतून गप्प होतात ते बाहेरून कोणाला दिसत नाही, पण जी वर बसलेली असते तिला समजते.

तीन पिल्ले निघाली. सात निघाली नाहीत. दोन दिवस वाट पाहून मिस्त्रींनी ती फोडून बघितली. सातही पूर्ण होती. लव आलेली, नखे आलेली, एकाने तर कवचाला चोच लावून ठेवली होती. मिस्त्रींनी कवचे गोळा केली. मग म्हणाले, "लाईटनं घात केला."

लाईटला कोणी बादलीत बुडवले नव्हते.

त्यांनी एक कागद घेतला आणि पुढच्या खेपेसाठी काय काय हवे ते लिहिले. वीज गेल्यावर दिवे चालवायला मोठी बॅटरी, दुसरा थर्मामीटर, दाराला नवे रबर. त्या कागदावर मी नव्हते. शिंपीणबाई मात्र खिडकीशी बसून हलकेच म्हणाल्या, "मीच बुडवली हो तिला."

"जाऊ दे आता," मिस्त्री म्हणाले.

जाऊ दे म्हणण्याचा हक्क माझा आहे, आणि मी अजून तसे म्हटलेले नाही.

ती तीन पिल्ले मी वाढवली. घारीच्या सावलीला कसे दडायचे, मुंग्यांचे वारूळ कसे उकरायचे, हे दिवा शिकवत नाही. त्यांतला एक आता कोंबडा झाला आहे आणि पहाटे उगाच मोठ्याने आरवतो. वंश राहिला. पण खुराड्यात सात जागा रिकाम्या आहेत आणि त्या मला रोज मोजून माहीत आहेत.

मित्रांनो, यंत्रे करा, खुशाल करा. माझे त्यांच्याशी भांडण नाही. पण जे काम कोणी आपले अंग झिजवून करते, त्याला खूळ म्हणू नका. आणि ज्याची ऊब तुम्ही गार पाण्यात घालवली, त्याच्या दारात थंडी वाजली म्हणून जाऊ नका. गेलात तर निदान खाली मान घालून जा.

आजच एवढा राग का, असे तुम्ही विचाराल. काल रात्रीपासून मला पुन्हा ताप चढला आहे. पोटाखाली नऊ अंडी आहेत. आणि वन्सं पुन्हा राहायला आल्या आहेत. सकाळी त्या खुराड्यात डोकावल्या आणि थोड्याच वेळात नळाखाली बादली भरल्याचा आवाज आला. मी पंख पसरून अंडी घट्ट झाकली.

बादली घेऊन शिंपीणबाई आल्या. मागे मिस्त्री अंड्यांचा ट्रे घेऊन उभे होते.

"अहो, ही नऊ तिच्याचखाली राहू देत," त्या म्हणाल्या. "मशीनला पुढची घ्या."

"आणि वहिनी, बादली?" वन्संनी विचारले.

शिंपीणबाईंनी बादलीतून वाटीभर पाणी घेतले, माझ्या चोचीला पोचेल असे टोपलीपाशी ठेवले आणि माझ्या पाठीकडे हात नेला. मी त्या हातावर जोरात चोच मारली. बोटातून रक्त आले.

त्यांनी हात मागे घेतला नाही.