मक्याची तळी

त्या एप्रिलात हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या मंगलाताईंचा निम्मा संसार फ्रिजमध्ये राहायला गेला होता. कापूर, मेणबत्त्या, कुंकू, अविनाशरावांच्या डोळ्यांत घालायचे थेंब. अविनाशराव स्वतःही गेले असते, पण खालच्या कप्प्यात दुधी होता.

त्याच फ्रिजमध्ये त्यांच्या लेकीनं, रसिकानं, बटरपेपरची एक पुडी ठेवली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. पुडीत पिवळी पूड. म्हणजे मक्याचे पराग. राजेंद्रनगरच्या एका संशोधन संस्थेत रसिका असा मका शोधत होती, जो भर उन्हाळ्यातही दाणे भरायचं विसरणार नाही. अख्खं शहर आभाळाकडे बघायचं; ही एकटी पारा चढला की खूश.

मक्याचं दुखणं साधं आहे. वरच्या तुऱ्यातून पराग झडतात, खालच्या कणसाचे रेशमी केस ते झेलतात, तेव्हा दाणा धरतो. उष्मा वाढला की पराग मरतात आणि केस उशिरा येतात. नवरदेव मांडवात घामाने गतप्राण, नवरी अजून पार्लरमध्ये.

शेतातल्या एकाच वाणाचे पराग त्या उन्हातही तगले होते. केसांचा मात्र पत्ता नव्हता. म्हणून रसिकानं पराग जमवले, आणि संस्थेतली वीज गेल्यावर घरी आणले. त्या वाणाचं बी संपलं होतं. या खेपेला दाणे धरले नाहीत, तर वाण कायमचा गेला आणि रसिकाची दोन वर्षं त्याच्यासोबत.

रविवारी सकाळी संस्थेच्या शेतावरून तिथला मदतनीस शिवराज याचा फोन आला. "मॅडम, केस निकले! जल्दी आओ, धूप चढी तो गया काम."

रसिकानं फ्रिज उघडला. पुडी नव्हती. आणि दिवाणखान्यातून आरोळी आली, "सदानंदाचा येळकोट!"

ती धावली. खंडोबाची तळी उचलली गेली होती. पाच पुरुष लागतात; रविवारी तीनच सापडले होते. बाबा, दत्तोबामामा आणि शेजारचे वेंकटराव, जे मुळात खोबऱ्यासाठी आले होते. तिघांच्या हातांवर ताम्हन, ताम्हनात विडा, सुपारी, खोबरं आणि पिवळ्या पुडीचा ढीग. आता ती उधळायची.

"थांबा! कुणी हलू नका! आई, पंखा बंद कर!"

"अगं, जेजुरीचा भंडारा आहे तो."

"तो माझा मका आहे!"

पंखा बंद झाला. तीन कपाळांवर घाम जमू लागला.

"बाबा, थेंब पडू देऊ नका. ओल लागली की पराग फुटतात."

"मग खाली ठेवतो," अविनाशराव म्हणाले.

"खबरदार दाजी!" दत्तोबामामा गरजले. "उचललेली तळी उधळण झाल्याशिवाय खाली ठेवायची नाही. आपल्या घरची रीत आहे."

"मामा, माझी पीएचडी..."

"पीएचडी दर वर्षी कुणीतरी करतं. खंडोबा एकच आहे."

रसिकानं घड्याळाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि वाद घालण्यापेक्षा टॅक्सी बोलावली.

मागच्या सीटवर तिघे, तिघांच्या मांडीवर तरंगती तळी, पुढे रसिका. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "भगवान कू एसी होना क्या, मॅडम?"

"होना भय्या. फुल्ल. और ब्रेक मत मारो."

"हैदराबाद में?" तो म्हणाला, आणि गाडी वरातीच्या चालीनं निघाली. वाटेत वेंकटरावांना शिंक आली. त्यांनी ती अत्तापूरपर्यंत धरून ठेवली, खिडकीबाहेर तोंड काढून दिली आणि परत हात लावला. पुढे हाच प्रसंग ते आपल्या सैन्यातल्या भावालाही सांगायचे.

शेतात शिवराज कणसांवरच्या कागदी पिशव्या एकेक काढत गेला. रसिकानं ताम्हनातून ब्रशनं पराग उचलून केसांवर टेकवले, पिशव्या पुन्हा चढवल्या. मागून तिघे तळी घेऊन सरीतून तिरपे तिरपे चालत होते. शेवटच्या कणसाशी चिमूट उरली.

"मामा, ही तुम्ही उधळा. पण इथेच, या केसांवर."

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" म्हणायला ड्रायव्हरही आला होता. मग तळी खाली ठेवली आणि चारही जण खोबऱ्यावर तुटून पडले.

खरा भंडारा संध्याकाळी दुधीमागे सापडला.

कणसं पिकल्यावर सगळे पुन्हा शेतावर गेले. बाजूच्या ओळींतली कणसं सोलली, तर म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी, चार दाणे इकडे, दोन तिकडे. रसिकानं आपलं पहिलं कणीस हातात घेतलं, पण तिला ते सोलवेना. शेवटी बाबांनी सोललं.

गच्च भरलेलं होतं. टोकापर्यंत.

रसिका बांधावर बसली. किती महिन्यांनी पुरता श्वास घेतला, तिलाच कळेना. डोळे पुसत ती हसत सुटली. मामांनी कणीस निरखलं, दाण्याला नख लावून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "थोडं जून झालंय. पण लिंबू-तिखट लावून चालेल."

तिनं कणीस ओढणीत गुंडाळलं आणि घरी येईपर्यंत मामांशेजारी बसली नाही.

दाण्यांची पुडी फ्रिजमध्ये ठेवताना तिनं वर ठळक लिहिलं, "हा भंडारा नाही. प्रसादही नाही." सकाळी पाहिलं, तर अक्षरांवर हळदीकुंकवाची बोटं होती.

पुडी मात्र बंद होती.