पहिल्या पाण्याचा मान

मंगळवार पेठेतल्या अक्काताईंचा एक हट्ट होता. पहाटे पाचला नळाला पाणी सुटलं की पहिली कळशी त्यांची. त्यातल्या थोड्या पाण्यानं इष्टलिंगाची पूजा व्हायची आणि उरलेलं दिवसभर नातीला, शांभवीला, प्यायला. बाकीच्या घराला मागनं भरलेल्या घागरी. पहिलं पाणी म्हणजे कुणी हात न लावलेलं, निर्मळ. पोरीला चांगलं तेच द्यायचं, एवढाच त्यांचा भाव. मायेला डोळे नसतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

नव्व्याण्णव साली पाच वर्षांची शांभवी पिवळी पडत चालली. पोट धरून कोपऱ्यात बसायची, पाठ झालेली गाणी विसरायची. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं, दृष्टही काढून झाली. मग सून रक्षिताचे वडील चन्नाप्पा हुपरीहून नातीला बघायला आले. त्यांची हयात चांदी गाळण्यात गेलेली. चांदी शुद्ध करायला भट्टीवर शिसं वितळवणाऱ्या माणसांची अशीच पोटदुखी नि असाच उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला होता. त्यांनी उंबऱ्याजवळची जुनी नळी चाकूनं खरवडली. आतनं मऊ, चकचकीत धातू निघाला.

"ताई, ही नळी शिशाची हाय."

"असू दे की! मामंजींनी घातलीया. अजून गंजली न्हाय," अक्काताई फणकारल्या.

डॉक्टरांनी मात्र रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. अंगात शिसं भलतंच निघालं.

"पण पाणी तर आम्ही सगळेच पितो की," मुलगा श्रीशैल म्हणाला.

"लहान पोरांना लवकर बाधतं," डॉक्टर म्हणाले. " आणि रात्रभर नळीत साचलेलं पाणी सगळ्यात वाईट. ते कोण पितं?"

ते पाणी म्हणजे अक्काताईंची पहिली कळशी. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी सुटलं, तेव्हा त्यांनी कळशी लावली नाही.

ज्ञानू प्लंबरनं घरातली नळी दोन दिवसांत बदलली. पण बोळातली शिशाची नळी त्यांची आणि शेजारच्या बनाबाईची मिळून होती. दोन्ही घरांच्या सह्या असल्याशिवाय बोळ उकरायला परवानगी नव्हती, आणि ती नळी तशीच ठेवली तर शिसं येतच राहणार होतं. श्रीशैल अर्ज घेऊन गेला. बनाबाईनं दारातच वाटेला लावलं.

"चाळीस वर्षं पितोय आम्ही. आमाला काय धाड भरली?"

आतल्या पाळण्यात तिचा नातू होता. त्याची पेज पहिल्या पाण्यात शिजवायची, हे तिला अक्काताईंनीच शिकवलं होतं. ते आठवलं आणि अक्काताईंना घरात बसवेना. सगळा बोळ ऐकत असताना त्या बनाबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

"बनाबाई, माझ्या पोरीला कुणी बाहेरच्यानं इख न्हाय घातलं. म्या घातलं. रोज पहाटे उठून, लाडानं पाजलं. तुझ्या नातवालाबी तेच पाजायला म्याच सांगितलं. मला शिव्या दे, पण सही कर."

अक्काताईंना रडताना बोळानं पहिल्यांदाच पाहिलं. बनाबाई आत गेली, पेजेचं भांडं मोरीत रिकामं केलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "कुठं करायची सही?"

आठवड्यात बोळ उकरला गेला. बनाबाईनं खोदणाऱ्यांना दोन वेळा चहा पाजला, तोही शिव्या घालत.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. शिसं निम्म्यावर आलं होतं. पोरीवर लक्ष ठेवावं लागेल, पण गाडी रुळावर आली, असं डॉक्टर म्हणाले. घरी पेढे वाटले. अक्काताई मात्र स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. पहिला रिपोर्ट कळला त्या दिवसापासून त्यांनी नातीला स्वतःच्या हातानं घोटभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

उन्हात खेळून आलेली शांभवी पाणी मागत धावत आली. रक्षितानं पेला भरला, सासूसमोर धरला.

"आत्ती, तुम्हीच पाजा की."

"नको गं. माझ्या हातनं नको."

"तुमच्याच हातनं पिऊ दे तिला."

अक्काताईंनी पेला घेतला. शांभवीनं तो गटागटा संपवला आणि आणखी मागितला.